एकतीसवर अडकलेला आकडा

"हॅलो?… हॅलो, कोण?… बनुमावशी! हा कुणाचा नंबर?… मयूरीचा? म्हणजे लेकीकडं कोरेगावला आलाय तर… नाही हो, जेवतच होते, पण बोला की… काय फिरतंय?… ॲपमध्ये? गोल गोल?… सकाळपासनं?"

अल्फियानं फोन स्पीकरवर टाकला आणि डाव्या हातानं लॅपटॉप पुढं ओढला. माधवनगरच्या घरातून ती पोल्ट्रीवाल्यांसाठी स्वतः बनवलेलं ॲप सांभाळायची. शेडमधलं यंत्र सर्व्हरला तापमान कळवायचं, सर्व्हर ते मालकाच्या फोनला द्यायचा. मालकानं फोनवर बटण दाबलं की शेडमधले पंखे आणि पाण्याचे फवारे सुरू. म्हसवडच्या बनुबाई तिच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. नवरा गेल्यापासून दोन हजार पक्षी त्या एकट्या वाढवत होत्या.

"पहाटे फोन अपडेट झाला? आपोआप?… असू दे, होतंय तसं. नेट चालू आहे का? व्हॉट्सॲप येतंय?… येतंय. मग ॲप पूर्ण बंद करा… वर सरकवा, वर… आता उघडा… तेच?… बरं, तुमचा फोन बंद करून चालू करा. थांबते की मी, थांबते…"

भात निवत चालला होता. अल्फियानं सर्व्हरची नोंद उघडली. बनुबाईंच्या फोनकडून शेवटची विचारणा पहाटे पाच चाळीसला आलेली. नंतर एकही नाही.

"झाला चालू?… अजून फिरतंयच? तारीख-वेळ बरोबर आहे का बघा… आहे. मग काय झालंय याला?… हो, हो, अवो मावशी ऐका ना, आकडा तरी दिसतोय का?… किती?… एकतीस?"

तिचा घास हातातच राहिला. एप्रिल महिना, दुपारचे अडीच, म्हसवडचं ऊन आणि पत्र्याच्या शेडमध्ये एकतीस? तिनं शेडच्या यंत्राचा आकडा उघडला. यंत्र इमानदारीनं दर पाच मिनिटांनी कळवत होतं. एकोणचाळीस पॉइंट चार.

"मावशी… मावशी, गप जरा. तो आकडा पहाटेचा आहे. तुमच्या फोनला नवा मिळालाच नाही, म्हणून जुनाच धरून बसलाय. शेड एकोणचाळीसच्या वर गेलीय… नाही, पंखे बंद आहेत, मला इथं दिसतंय… दाबा, बटण दाबून बघा… नाही. पोचत नाही. परत दाबा… नाही आलं इकडं काहीच."

अल्फिया उठून उभी राहिली. चौतिसाव्या दिवसाचे पक्षी, दोन दोन किलोचे. असले जड पक्षी उन्हात चोच उघडून बसतात, आणि बघता बघता माना टाकतात.

"माझ्याकडनं नाही होत हो! बटण दुसऱ्या कुणाच्या हातात नको, असं तुम्हीच सांगितलं होतं ना… मयूरीच्या फोनवर? तिचा फोन वेगळ्या कंपनीचा, त्यात आपलं ॲप चालतच नाही… मावशी, तिथं माणूस पाहिजे. आत्ता. शेडच्या जवळ कोण आहे?… कुणीच नाही असं कसं?… मग शेजारची वस्ती कुणाची?… बिराप्पा कोण?… दीर? सख्खा?… मग लावा की त्यांना!… का?"

पलीकडून जे आलं ते एका दमात आलं. बोअरच्या पाण्यावरून भांडण, तीन वर्षं बोलणं नाही, नवऱ्याच्या वर्षश्राद्धालाही दीर आला नाही.

"ऐकलं मावशी… त्यांचं चुकलं असेल… हो, लय चुकलं असेल. पण पक्ष्यांनी काय केलंय?… 'मेले तर मरू देत' म्हणू नका, तुम्हाला तसं वाटत नाही… नंबर पुसून टाकला?… मग पाठ आहे का?… आहे ना पाठ! लावा. तुमच्या फोनवरनं लावा, हा चालू राहू दे. काय बोलायचं? 'भावजी, पंखं लावा' एवढंच बोला."

मग तिला लांबून रिंग ऐकू आली. एकदा. दोनदा. बनुबाईंचा आवाज आला, पण शब्द कळेनात. अल्फिया खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारत होती. एकोणचाळीस पॉइंट नऊ.

"काय म्हणाले?… निघाले? पळतच?… कुलूप आहे? फोडू दे की कुलूप!… दगडानं फोडा म्हणावं. आत गेल्यावर डाव्या हाताला बोर्ड. मोठा हिरवा खटका वर, मग फवाऱ्याची मोटर… हो, लाइट आहे, आहे… गेले आत?… मावशी, बोला ना काहीतरी… वर केला?"

आकडा उतरेना. चाळीस पॉइंट एक. आणखी पाच मिनिटं. एकोणचाळीस पॉइंट दोन.

"उतरला! मावशी, उतरला आकडा! चालू झाले पंखे… आता पाण्यात बर्फ टाकायला सांगा त्यांना… किती मेले म्हणताहेत?… साठ?… सत्तर… रडू नका हो. बाकीचे उभे आहेत ना?… उभे आहेत."

अल्फिया परत खुर्चीवर बसली. आता सांगायलाच हवं होतं. मार्चमध्ये तिला एक सूचना आली होती, ती तिनं 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणून बाजूला टाकली होती.

"मावशी, एक ऐका… तुमच्या फोनचं काही चुकलं नाही. माझं ॲप सर्व्हरला निरोप धाडतं ते जुन्या पद्धतीनं, उघड्या पोस्टकार्डासारखं. नव्या अपडेटनंतर फोन असला निरोप बाहेर जाऊच देत नाही. मला हे माहीत होतं. दुरुस्ती दोन दिवसांची होती. मी केली नाही… नाही, विसरले नव्हते. टाळलं… हॅलो?… मावशी?… शिव्या द्या, पण बोला…"

अल्फियानं लॅपटॉपवर ॲप वापरणाऱ्या बाकीच्या गिऱ्हाइकांची यादी उघडली.

"हं… हो. अजून तेरा जण आहेत… आधी त्यांना कळवते. लगेच… आणि?… आज?… म्हसवडला?… येते. एसटीनं येते, संध्याकाळपर्यंत पोचते… होय, मीच. मेलेले पक्षी पुरायला खड्डा मीच काढते… कुदळ तुमची, बरं…"

फोन बनुबाईंनीच ठेवला. अल्फियानं ताट बाजूला सारलं आणि पुढचा नंबर लावला.