खैरुद्दीन मुकादम यांनी न चोरलेल्या बंदुकीबाबत

नाव कुबरा नूरुद्दीन परकार, वय ४६ वर्षे, शिक्षण बी. ए., धंदा शिक्षिका, राहणार देरा, दुबई, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात. तारीख १० नोव्हेंबर १९६४.

मी पोलीस ठाण्यात स्वतः येऊन सांगते की, फिर्यादी नूरुद्दीन परकार हे माझे पती असून त्यांची फिर्याद खोटी आहे.

माझे पती जहाजांच्या दोरखंडांचा व्यापार करतात. उडत्या मातीच्या तबकड्या फोडण्याच्या जुन्या ट्रॅप बंदुका मायदेशी परतणाऱ्या साहेबांकडून घेणे, विकणे आणि विकल्याचा पश्चात्ताप करणे हा त्यांचा दुसरा उद्योग आहे. बंदूक गेली की आठ दिवस ते नीट जेवत नाहीत. मी तीन महिने माहेरी होते तेव्हा त्यांचे वजन वाढले होते.

वादातली बंदूक बेल्जियमची, एकावर एक नळ्यांची आहे. सात वर्षांत ती माझे पती व त्यांचे मित्र खैरुद्दीन मुकादम यांच्यात चार वेळा इकडून तिकडे गेली. दोघांची रीत अशी की, सौदा आमच्या घरी व्हायचा, मी केलेली सांदणं खायची, हातात हात देऊन दोघांनी तीनदा "खलास" म्हणायचे, की सौदा पक्का.

शुक्रवार, १६ ऑक्टोबर रोजी जुम्म्याच्या नमाजानंतर असाच सौदा झाला. पतीने बेल्जियमची बंदूक देऊन मुकादमांची इंग्लिश बंदूक घेतली. मी हजर होते. "खलास" तीनदा झाले. सांदणं मुकादमांनी सात खाल्ली.

शुक्रवार, ६ नोव्हेंबरला पती दिलेली बंदूक "बघायला" मुकादमांच्या खोलीवर गेले. माझ्या भावानेही मला सासरी इतक्या लवकर बघायला येण्याची तसदी घेतली नव्हती. तिथे बंदुकीच्या दस्त्याची गाल टेकायची बाजू कानशीने तासलेली दिसली. मुकादम म्हणाले, "नूरभाई, माझा गाल भरलेला. डोळा नळीच्या रेषेत येईना. लाकूडच ते, काढलं थोडं." पती म्हणाले, "लाकूड? अरे कसाया, अक्रोड आहे तो!" हे संभाषण पतीने घरी येऊन मला चार वेळा सांगितले. जेवले नाहीत. शनिवारी त्यांनी चोरीची फिर्याद दिली. रविवारी पोलिसांना बंदूक मुकादमांच्या खोलीत मिळाली व त्यांना अटक झाली.

फिर्यादीचे व अटकेचे मला काल मुकादमांच्या खोलीत राहणाऱ्या अन्वर यांच्याकडून कळले. पतीला विचारले असता ते म्हणाले, "दोन दिवस बसू दे आत. कानस धरायची हिंमत होणार नाही परत." मी म्हटले, गुरुवारी मुकादमांची बोट आहे, बावीस तारखेला रत्नागिरीत त्यांच्या मुलीचा, हाफिजाचा निकाह आहे, पुढची बोट पंधरा दिवसांनी. आज सकाळी ते म्हणाले, "कुबरा, कोणी विचारलं तर सौद्याच्या दिवशी तू शाळेत होतीस म्हण." सुट्टीच्या शुक्रवारी शाळा भरते असे मी सांगू शकत नाही.

सौद्यात आलेली इंग्लिश बंदूक आमच्या पलंगाखाली होती. ती चादरीत गुंडाळून आणली असून पुरावा म्हणून हजर करते. चादर परत मिळावी.

मुकादमांना गुरुवारच्या बोटीआधी सोडावे. खोट्या फिर्यादीबद्दल माझ्या पतीला आत ठेवावे लागल्यास माझी हरकत नाही. त्यांना मधुमेह आहे. चहात साखर घालू नये, आणि ते मागतील.

हा जबाब मी मराठीत सांगितला, कारकून हमीद यांनी लिहिला व मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसेच उतरले आहे. वाचताना "माझी हरकत नाही" हे शब्द ठेवायचे का, असे हमीद यांनी दोनदा विचारले. ठेवावेत.

सही
कुबरा नू. परकार