एवढंच पान उघडत नाही

जिब्रान : लाईट तं सगळे पेटून राहिले सर. मोडेमले काही नाही झालं.

केशवराव : लाईट पेटलेले मलाही दिसतात. पान का उघडत नाही ते सांग.

जिब्रान : हे पाहा, पेपर उघडला. तुमचा मेल उघडला.

केशवराव : सगळं उघडतं रे. फक्त 'शेतसल्ला' उघडत नाही. सोमवारपासून तुला फोन करतोय, तू उचलत नाहीस.

जिब्रान : अकोल्याले होतो ना सर, जठारपेठेत. साल्याचं लग्न होतं. आत्ताच अमरावतीत उतरलो अन् सीधा तुमच्याकडं आलो. दुकानाचं शटरबी नाही उघडलं.

रुख्मिणी : त्याले आंधी पानी तं पिऊ द्या. घे रे बाबू. एवढ्या उन्हाचा आला. अन् तुमी जरा आंग टेका. डॉक्टरनं दुपारचं झोपाले सांगतलं हाये.

केशवराव : झोपतो मागून. चार वाजता लाईन जाते, मग रात्रीपर्यंत नाव नको. यूपीएसची बॅटरी केव्हाच गेली.

रुख्मिणी : गेली तं गेली. उद्या पाहू.

केशवराव : उद्या, उद्या! काल सायबरला निघालो, तर हिनं चपला लपवल्या. विचार तिला.

रुख्मिणी : मंग काय करू? हृदयात स्प्रिंग टाकून महिना नाई झाला. भर उन्हात निंगाले हे, तेबी पायी.

जिब्रान : बरोबर केलं काकूनं. सर, बसा तुमी. मी पाहतो ना. कसं असते, आपण साईटचं नाव टाईप करतो, पण मशीनले नाव नाही समजत. त्याले नंबर लागते. मंग ते कंपनीच्या मशीनले विचारते, का बाबा, ह्या नावाचा नंबर काय. मले वाटते कंपनीचं मशीन नंबर देऊन नाही राहिलं.

केशवराव : मग बाकीच्यांचे नंबर बरे देतं?

जिब्रान : तेच तं नाही समजून राहिलं. थांबा, दुसऱ्या कंपनीचं मशीन लावून पाहतो. हे टाकलं. ओके केलं. आता पाहा.

केशवराव : काय पाहू? तेच कोरं पान.

जिब्रान : हाव ना. तेच हाये.

केशवराव : ज्यांची साईट आहे त्या देवश्रीबाई दौऱ्यावर. त्यांचा फोन लागत नाही. तू लग्नात. आणि घरात माझ्या चपला नाहीत.

जिब्रान : सर, एवढं अर्जंट काय हाये? चौकात सहाले लाईन येते. मी माह्या दुकानातून उघडून देतो.

केशवराव : सहाला नको. आत्ताच फार उशीर झालाय. रुख्मा, तू आत जा जरा.

रुख्मिणी : काहून? मी इथंच बसते.

केशवराव : बस मग. ऐकायचं तर ऐक. जिब्रान, त्या साईटवर मी काय करतो माहीत आहे ना?

जिब्रान : शेतकरी प्रश्न विचारतात अन् तुमी जवाब देता. नांदगावच्या शाळेत शेती शिकवत होते, तसंच.

केशवराव : तसंच. फक्त इथं कुणाचं नाव कळत नाही. माणसाला मोकळेपणानं विचारता यावं म्हणून प्रत्येकाला एक नंबर. गाव नाही, फोन नाही. रविवारी संध्याकाळी दोनशे अठरा नंबरचा प्रश्न आला. एका फवारणीच्या औषधाचं नाव लिहिलं होतं आणि विचारलं होतं, झाकण उघडलं तर याचा जोर किती दिवस राहते?

जिब्रान : मंग?

केशवराव : मग मी मास्तर! लिहिलं, आधी पीक कोणतं ते कळवा. मला वाटलं, संत्र्याचा बगीचा असेल. जेवलो, झोपलो. रात्री एकदम जाग आली. ते औषध संत्र्यावर मारतच नाहीत, ते कपाशीचं. आणि हा वैशाख आहे. रानात कपाशीचं एक बोंड नाही. मग औषधाचा जोर कशाला विचारतो हा माणूस?

जिब्रान : या अल्ला.

केशवराव : पहाटे उठून मशीन लावलं. पान उघडेना. त्यानं मला विचारलं होतं रे. मरायच्या आधी एका माणसाला विचारून पाहिलं, आणि मी त्याला म्हणालो, पीक कोणतं!

रुख्मिणी : हे तुमी मले नाई सांगतलं.

केशवराव : तुला काय सांगू? माझा विद्यार्थी पुंजाजी औषध पिऊन गेला तेव्हा मी दोन दिवस जेवलो नाही, तर तू डॉक्टरला घरी बोलावलंस. हे सांगितलं असतं तर मला पलंगाला बांधलं असतंस.

रुख्मिणी : अहो, पन सांगाव तं...

केशवराव : जिब्रान, हात चालव. बघत काय बसलास?

जिब्रान : चालवून राहिलो सर. ही काळी खिडकी उघडली. इथून त्या साईटले हाक मारतो. आवाज कुठून येते ते समजते. आं?

केशवराव : काय झालं?

जिब्रान : जवाब आला.

केशवराव : म्हणजे चालू आहे?

जिब्रान : नाही ना. फटकन आला. बाहेरून जवाब येते तं थोडा तरी टाईम लागते, याले काहीच नाही लागला. हा नंबर पाहा, एकशे सत्तावीसवाला. हा नंबर बाहेरच्या कोणाचा नसते सर. हा ह्या मशीनचा सोताचाच. म्हणजे हे सोतालेच हाक मारून राहिलं अन् सोताच ओ देऊन राहिलं.

केशवराव : असं कसं होईल?

जिब्रान : कोणी शिकवलं तं होते. बाहेर विचाराले जायच्या आंधी मशीन घरातलीच एक फाईल पाहते. त्याच्यात नाव अन् नंबर लिहिला असंन तं बाहेर कोणाले विचारतच नाही.

रुख्मिणी : जिब्रान, चहा ठेवू का रे?

जिब्रान : नको काकू. हे उघडली फाईल. खालीच राहते ते.

केशवराव : दिसलं काही?

जिब्रान : व्हायरस हाये सर. आजकाल येतात असे. पुसून टाकतो, एक मिनिट.

केशवराव : थांब. हात काढ माउसवरून. मला वाचू दे. या वरच्या दोन ओळी कसल्या?

जिब्रान : त्या मागच्या साली मीच टाकल्या होत्या. शुभंकरच्या गेमच्या साईट. तो तुमच्याकडं राहून दहावीचा अभ्यास करत होता ना, तं बंद करून देल्या होत्या.

केशवराव : आणि ही तिसरी? आमच्या नातवाच्या गेमखाली 'शेतसल्ला'? व्हायरसला जगात बरं हेच एक पान सापडलं! ही फाईल या घरात तुझ्याशिवाय कोणाला माहीत आहे?

जिब्रान : सर, मी थंडीपासून इथं आलोच नाही.

केशवराव : मग व्हायरस म्हणून खोटं का बोललास? कोणाच्या सांगण्यावरून केलंस? गंमत वाटली म्हाताऱ्याची? तिकडे माणूस मेला असेल, कळतं का तुला? चल, ऊठ माझ्या खुर्चीवरून!

रुख्मिणी : त्याच्यावर नका ओरडू. मी लिवलं ते.



केशवराव : तू?

रुख्मिणी : हाव. मागच्या साली तो शुभंकरचं बंद करून राहिला होता, तवा मी इथंच उभी होती, चहाचा कप घेऊन. त्यानं सांगतलं, काकू, इकडं हा नंबर, इकडं साईटचं नाव, झालं. तुमी रविवारी झोपले अन् मी बसली. वरच्या वळीत पाहून पाहून लिवलं.

केशवराव : का, रुख्मा? काय बिघडवलं होतं मी तुझं?

रुख्मिणी : तुमी रडत होते ना त्या डब्याफुडं बसून! पुंजाजी गेला तवापासून रोज पाहून राहिली मी. पहाटेचे उठता अन् लोकायचं मरन वाचत बसता. डॉक्टर मले बाहीर घेऊन काय म्हने माईत हाये? म्हने, बाई, यायले आता एकबी धक्का चालत नाई. मंग मी काय करू? तुमच्या पायावर डोकं फोडलं असतं तरी तुमी उठले नसते. मले वाटलं, काही दिवस बंद राहीन, मंग इसरतीन.

केशवराव : आणि तो दोनशे अठरा नंबरचा?

रुख्मिणी : मले का माईत होतं तिकडं कोन बसलं हाये! मले फक्त इकडचा मानूस दिसत होता.

केशवराव : चार दिवस तू मला पाहत होतीस. मी या पेटीभोवती येरझारा घालत होतो आणि तू मला लिंबूपाणी देत होतीस.

रुख्मिणी : देत होती. अन् रोज रात्री वाटे, पुसून टाकाव. मंग तुमी गाढ झोपलेले दिसत, अन् मी म्हनत जावो, आजचा दिवस राहू दे.

जिब्रान : सर, काकू, मंग भांडा. चार वाजून राहिले.

रुख्मिणी : सरक रे बाबू. मीच पुसते. हे अशी निळी करावं लागते ना वळ? अन् हे बटन?

जिब्रान : हाव. आता सेव्ह करा. वरचं नका पुसू, शुभंकरचं राहू द्या. आता हे खिडकी बंद, अन् पुन्हा उघडू. सर, तुमचं नाव अन् पासवर्ड टाका.

केशवराव : घाईत माझं चुकेल. तू टाक. सगळ्या नातवंडांची नावं, जोडून.

जिब्रान : आलं! आलं सर! दोनशे अठरा... हे पाहा. तीन निरोप हायेत.

केशवराव : तीन? शेवटचा कधीचा?

जिब्रान : आज सकाळचा.

केशवराव : आज सकाळी जिवंत होता म्हणजे. वर जा, पहिल्यापासून दाखव. हे लोक इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात, वाचायला वेळ लागतो. सोमवार. "साहेब, पीक नाई. बाटली घरात... घरात सापडली. कोठीमांगं लपवेल होती. माह्या... माह्या मालकानं आनली."

जिब्रान : बाई हाये ते!

केशवराव : "तो कोनाशी बोलत नाई. बाटली उघडेल हाये. जोर गेला असंन का इचा, एवढं सांगा." अरे देवा. ती त्या बाटलीला घाबरून विचारत होती.

रुख्मिणी : फुडं वाचा.

केशवराव : मंगळवार. "साहेब, तुमी काहून बोलून नाई राहिले?"

रुख्मिणी : ...वाचा ना.

केशवराव : आज. "बाटली मी खड्डा करून पुरली. त्याले नाई सांगतलं. आता तो सारं घर उलटं करून ढुंडून राहिला. चिडेल हाये. साहेब, त्याले काय सांगू?"

जिब्रान : तिनं सोताच करून टाकलं.

केशवराव : मी आधी माझा फोन नंबर लिहितो. नाव, पत्ता, सगळं. साईटच्या नियमात बसत नाही, न बसो. आणि कोणतं गाव ते विचारतो. जिब्रान, गाडी मिळेल?

जिब्रान : माह्या भावाची हाये, अफनानची. कोणत्याबी गावाले जाऊ. पार तिकडं पातूर का असेना.

केशवराव : पण तिला आत्ता काय सांगू? पिकावर काय मारायचं ते मला माहीत आहे. नवरा बाटली शोधतोय आणि ती तिनं पुरली आहे, अशा बाईनं काय बोलावं? रुख्मा, तू सांग.

रुख्मिणी : मी काय सांगू? मी तं तिच्या चार दिवसाच्या आड आली.

केशवराव : म्हणूनच सांग. मी चपला शोधत होतो, तेव्हा तू माझ्यासमोर उभी होतीस.

रुख्मिणी : लिवा मंग. लपवू नको म्हना बाई, लपवून मी फसली. त्याले समोर बसव अन् सांग, मीच फेकली म्हून.

केशवराव : तो चिडेल.

रुख्मिणी : चिडू दे. ओरडंन, शिव्या देईन, ओरडू दे म्हना. ओरडनारा मानूस घरात तं असते. अन् त्याले एकटं नको सोडू. शेजारच्याले हाक मार, त्याच्या भावाले बलाव, लाज नको धरू. आमी निंगून राहिलो, येतो तोपर्यंत त्याच्याजवळ बसून राहाय.

जिब्रान : सर, लवकर. लाईन जाईन.

केशवराव : तू सांगत जा, रुख्मा. हळू सांग फक्त, मला अजून एकेक अक्षर शोधावं लागतं.

रुख्मिणी : हाव. अन् लिवून झालं का मंग उठा. चपला तांदुळाच्या डब्यामांगं हायेत.