कागदावरची मावशी

बॅटिस्ट : ...आणि एप्रन उलटा बांधलाय, मॅडम. हा चमचा सारणाचा. टर्की वाढायला हा चिमटा.

हॉलोवे : सार्जंट बॅटिस्ट, मला आत भांडी घासायला बसवा ना. वाढायला दुसऱ्या कुणाला तरी उभं करा.

बॅटिस्ट : वा! थँक्सगिव्हिंगला, आभाराच्या या सणाला, अधिकाऱ्यांनी पूर्ण गणवेशात जवानांना वाढायचं, ही पलटणीची जुनी रीत. कंपनीची कॅप्टनच मोरीत बसली तर पोरं काय म्हणतील? शिवाय जेवणाआधीचं भाषणही तुमचंच आहे.

हॉलोवे : त्या भाषणाचंच तर अवघड झालंय. ऐका. 'यादवी युद्ध ऐन भरात असताना लिंकननी हा सण देशभर जाहीर केला आणि बजावलं, आभार मानताना या लढाईनं ज्यांना विधवा केलं, पोरकं केलं, शोकात लोटलं, त्यांना विसरू नका.' हे मी वाचायचं? त्या लिटलमूनसमोर?

बॅटिस्ट : तो आई वारली म्हणून रजा मागायला आलेला? घरच्या मृत्यूची खात्री करून रेडक्रॉस निरोप पाठवते, त्यात तर मावशी निघाली. बरोबर पकडलंत की तुम्ही त्याला.

हॉलोवे : मी काय बोलले, आठवतं?

बॅटिस्ट : सगळ्या कंपनीला आठवतंय. 'आई मेली की मावशी, ते आधी ठरव. मग रड.' मीसुद्धा फिदीफिदी हसलो होतो.

हॉलोवे : आज सकाळी पाद्रीबाबा भेटले, त्यांनी सांगितलं. लिटलमून लाकोटा आहे ना, इथल्या मूळच्या जमातीतला, त्यांच्यात आईच्या बहिणीलाही आईच म्हणतात. आणि जन्म देणारी तर तो रांगत होता तेव्हाच गेली. याच बाईनं वाढवलं त्याला. वाढवणाऱ्या बाईसाठी रजा मिळते, सार्जंट, नियमात आहे. मी फक्त विचारायचं होतं, तुला लहानाचं मोठं कुणी केलं? नाही विचारलं. खोटारडा ठरवून मोकळी झाले.

बॅटिस्ट : अरे देवा. 'माय मरो, मावशी उरो' म्हणतात. त्याची तर उरलेलीही गेली, आणि आम्ही हसलो! मला माझ्या आजीनं वाढवलं, मॅडम. मला तरी कळायला हवं होतं.

हॉलोवे : शरमेनं मान वर होत नाही माझी. तो ताट घेऊन समोर येणार, आणि मी हसून सणाच्या शुभेच्छा देणार? त्याला आधी इकडे कोठीत बोलवा. माफी मागते.

बॅटिस्ट : कोठीत? बटाट्याच्या पोत्यांसमोर?

हॉलोवे : मग काय सगळ्या कंपनीसमोर? वचक राहील का माझा?

बॅटिस्ट : अब्रू काढायची चव्हाट्यावर आणि माफी मागायची कोठीत! राग मानू नका, पण या सणाचंही आपण तेच केलंय. माझी मुलगी शाळेत शिकवते, तिनं सांगितलं. जुन्या काळी शिपाई इथल्या मूळच्या लोकांचा गाव माणसांसकट जाळून परतले, तेव्हाही गोऱ्यांच्या वसाहतीनं आभाराचा दिवस पाळला होता. तो येतो का आपल्या भाषणात? लिंकन तेवढा येतो.

हॉलोवे : पुरे, सार्जंट.

बॅटिस्ट : पुरे तर पुरे. पोरं बाहेर खोळंबलीत. काय करू?

हॉलोवे : दार उघडा. भाषण राहू दे.

(दार उघडतं. रांग सरकू लागते.)

लिटलमून : टर्की, मॅडम. थोडीच.

हॉलोवे : थांब, लिटलमून. मोठ्यानं बोलते, मागच्यांनाही ऐकू दे. मी तुला सगळ्यांदेखत खोटारडा ठरवलं. तू खरं बोलत होतास. चूक माझी होती, आणि मी बोलले ते नीच होतं.

बॅटिस्ट : आणि मी हसलो होतो, बाळा. या पांढऱ्या केसांना शोभलं नाही ते.

हॉलोवे : तुझी रजा मंजूर केलीय. उद्याच घरी जा.

लिटलमून : तिला माती देऊन झाली, मॅडम. मागच्याच आठवड्यात.

हॉलोवे : ठाऊक आहे. आता रजा देऊन काही परत येत नाही, तेही कळतं. तुझी आई गेली, आणि मी तुला...

लिटलमून : मावशी, मॅडम.

हॉलोवे : काय?

लिटलमून : तुम्ही मावशीच म्हणा. आई आम्ही म्हणतो.