घंटेची तार

आईला भेटायला वृद्धाश्रमात निघालेल्या लेकीच्या पुढच्याच बाकावर, बसमध्ये, तिथे कामाला असलेल्या दोन आया बसल्या होत्या.

"उद्या तपासणी आहे. खाटांजवळच्या घंटांच्या तारा जोडून घे."

"सगळ्या?"

"सगळ्या. एरवी कान किटतात म्हणून काढतो, पण उद्यापुरतं सोंग वठवायला हवं."

"आणि साहेबांनी कुणाला दाबून दाखवायला सांगितलं तर?"

"वाजेल की."

"खिडकीजवळची शिंपीणबाई नाही दाबायची."

"का गं?"

"मागे एकदा पडली, तेव्हा बिचारी सकाळभर दाबत होती. आता घंटा दिसली की हात पांघरुणात घेते."

"बरंच झालं. साहेब म्हणतील, आजींची काही तक्रार नाही."

लेकीने मांडीवरची पिशवी छातीशी धरली. आईच्याच हातची, दुहेरी टीप मारलेली.