कपातला केक

मायक्रोवेव्हचा विषय निघालाय, तर माझ्या सासूबाईंचं सांगते. आमच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये तो नवीनच आला होता आणि त्या नांदगावहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या.

एका दुपारी मी कपात लोणी, साखर, मैदा, चमचाभर दूध आणि चॉकलेटचे तुकडे कालवले आणि कप आत ठेवला. मिनिटभरात गरम, मऊ कुकी केक तयार.

सासूबाईंनी कपात डोकावून विचारलं, "एवढुसाच? कुणासाठी गं?"

"माझ्यासाठीच. खावंसं वाटलं."

त्या कपाकडे बघतच राहिल्या. मला वाटलं, रागावल्या. घाईघाईने म्हटलं, "तुम्हालाही करते ना."

"तसं नाय गं. जन्मभर रांधलं, पण माझ्या एकटीसाठी कधी काही केलं नाय. घरात कुणी नसलं की चहा-पोळीवर भागवायचे." मग म्हणाल्या, "मला दाखव. मीच करते."

त्यांचा केक जरा जास्तच वेळ आत राहिला, कडा कडक झाल्या. तरी खिडकीपाशी खुर्ची ओढून त्या चवीचवीने खात बसल्या.

"जमलाय का?" मी विचारलं.

"मला आवडला."

तेवढ्यात माझा नवरा आला आणि म्हणाला, "आई, मला दे ना एक घास."

सवयीने त्यांचा हात कपासकट पुढे गेला. मधेच थांबला. त्यांनी कप परत मांडीवर घेतला.

"तुझा तू करून घे," त्या शांतपणे म्हणाल्या. "मिनिटभर तर लागतं."