दोन फोनांच्या मधलं मौन

आई, नागपूरला माझा आवाज नीट पोचतोय ना? पडद्यावर तुम्ही दिसताय. तुमच्यासमोर तुमच्या लेकीबद्दल, सुजाताताईंबद्दल, ‘होत्या’ म्हणायला जीभ रेटत नाही. मित्रांनो, एवढ्या गार वाऱ्यात सायकली दामटत तुम्ही सगळे आलात. मी निनाद. झुइडासला, इथल्या ऑफिसांच्या भागात, कॉम्प्युटरपुढे बसणारा माणूस, भाषण मला जमत नाही. सांभाळून घ्या.

गेल्या रविवारी ताई झोपेतच गेल्या. इथल्या नगरपालिकेच्या अनुदानावर चालणाऱ्या एका छोट्या ऑफिसात त्या काम करायच्या. नाव, रंग, देश बघून कुणी भाड्याचं घर नाकारलं, की तक्रार तिथे करायची. एका टेबलावर ताई, दुसऱ्यावर हॅनेके, इथलीच डच. ती बघा, खिडकीशी बसली आहे. मराठी कळत नाही तिला, तरी रडते आहे.

मी तिथे गेलो तेव्हा माझं डोकं फिरलेलं होतं. बायको गरोदर, राहत्या खोलीचा करार संपत आलेला, आणि एजंट म्हणतो, घर गेलं. जाहिरात मात्र तशीच झळकते आहे! म्हटलं, “ताई, त्याला सोडू नका.” ताई म्हणाल्या, “आधी विचारून तर बघू.”

विचारून बघू! मला वाटलं, झालं. ही बाई मला कॉफी पाजून घरी पाठवणार.

ताईंनी एजंटला फोन लावला. नाव स्वतःचं सांगितलं, मेश्राम. पगार माझ्याएवढा सांगितला. उत्तर तेच, घर गेलं. ताईंनी फोन ठेवला आणि डोळे मिटून गप्प बसल्या. हॅनेकेही गप्प. मी तोंड उघडलं, तर ताईंनी नुसता हात वर केला. मग हॅनेकेनं फोन लावला. तेच प्रश्न, तेवढाच पगार, तसाच शांत आवाज. एजंट म्हणाला, “उद्याच बघायला या.”

मी खुर्चीतून उठलोच. सापडला! पण ताई म्हणाल्या, “थांबा हो. मधल्या वेळात घर खरंच मोकळं झालं असेल तर? त्याच्यावर अन्याय नको.” पुन्हा डोळे मिटले. पुन्हा स्वतःच्या नावानं फोन. घर पुन्हा गेलेलं!

त्याच्यावर अन्याय नको! मित्रांनो, ज्यानं नुकतंच तोंडावर दार लावलं, त्याच्यावर. मी थक्क झालो होतो. अजूनही आहे. असं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

मी विचारलं, “मधे गप्प का बसता?” त्या म्हणाल्या, “राग खाली बसू देते. तो पुढच्या फोनमध्ये शिरला, तर समोरचा माझ्या रागाला नाही म्हणेल. मग नावाला नाही म्हणाला की रागाला, कसं कळणार?”

“तुम्हालाही राग येतो?”

हसल्या. “दर वेळी येतो. सवय होत नाही त्याची.”

ताईंच्या तक्रारीवरून नगरपालिकेनं एजंटला जाब विचारला, आणि ते घर आम्हाला मिळालं. आमची ओवी तिथेच रांगायला शिकली. आता डचमध्ये उलट उत्तरं देते.

आणि आता ते अनुदानच थांबवायचं घाटतं आहे. का, तर तक्रारी कमी झाल्या! नगरपालिकेच्या मागच्या बैठकीत ताईंनी एवढंच विचारलं होतं, “फोन उचलायला माणूसच नसेल, तर तक्रार येणार कुठून?” निर्णय या गुरुवारी आहे. तिथे बोलणाऱ्यांत ताईंचं नाव होतं. त्या जागी मी माझं नाव दिलं आहे. माझं डच हॅनेके घासूनपुसून घेणार आहे. आई, मी तापट माणूस. तुमच्या लेकीसारखं मला जमणार नाही. पण प्रश्न तोच विचारीन, आणि तिच्यासारखंच शांतपणे विचारीन.

आता सगळे उभे राहू या. आज मौन ताई पाळायच्या तसं पाळू या. त्या अशा अचानक गेल्या याचा राग आला असेल, मला फार आला आहे. त्याला खाली बसू द्या.

ताई, तुम्हाला वंदन. आम्ही गप्प बसतो आहोत. पुढचा फोन आम्ही लावू.