चालतं, पण कुठपर्यंत?

...अहो चालतं ना, चालतं! तेच तर दुखणं आहे! मशीन नुसतं चालत नाही, चालत जातं! तुम्हाला सांगतो, आमचं वॉशिंग मशीन कपडे पिळायला लागलं की आधी गुरगुरतं, मग थरथरतं, आणि मग एकदा का मनावर घेतलं की भिंत सोडून निघतं ते थेट स्वयंपाकघराच्या दारात! पाइप ताणला जातो म्हणून थांबतं बिचारं, नाहीतर कोपऱ्यावरून भाजी घेऊन आलं असतं!

आता प्रश्न काय, तर एवढाच... दुरुस्त करायचं की नवीन घ्यायचं? साधा प्रश्न आहे की नाही? पण घरात बायका दोन, मतं दोन, आणि मधे मी. मला कोणी विचारलं की मी म्हणायचो, "बघू!"

आई म्हणायची, "अरे, नवीन घ्या. शेजारणीचं बघ, धुऊन झालं की गाणं म्हणतं. आपलं? हंबरतं!"

आणि बायको? "मुळीच नाही! दुरुस्त करा!" तिचंही खरं होतं हो. लग्नानंतर पहिल्या पगारातून तिनं घरात काही आणलं असेल तर ते हे मशीन! आणि आणलं तेव्हा आई काय म्हणाली होती माहितीये? "अगंबाई, कपडे धुवायला यंत्र? हात काय झडले का माणसांचे?" झालं! ते वाक्य बायकोनं जे जपून ठेवलंय ना, एवढं तर दागिनेसुद्धा जपले नाहीत. आता म्हणे, "तेव्हा घरात घ्यायला तयार नव्हत्या, आता घराबाहेर काढायला निघाल्या! माझं मशीन तेवढं डोळ्यांत खुपतं!" मी म्हटलं, "बघू!"

पण एक दिवस काय झालं, माझी दाढ ठणकायला लागली. ऑफिसातून लवकर घरी आलो, एका हातानं गाल धरून दुसऱ्या हातानं कुलूप उघडलं, तर आतून धडधडधडधड! धावत मागच्या खोलीत गेलो, आणि बघतो तर काय... मशीनवर आई! हो, आई! खाली उशी, शेजारी चढायचं स्टूल, दोन्ही हातांनी कडा गच्च पकडलेल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर नाचतोय, आणि मला बघून म्हणते, "अ-अ-अरे, आ-आ-आलास का-का-का?"

"आई! उतर खाली!"

"थां-थां-थांब! स-स-संपतच आ-आ-आलंय!"

दाढ कुठल्या कुठे गेली! मशीन थांबलं, तिनं चष्मा वर सरकवला, माझ्या खांद्याला धरून उतरली आणि म्हणाली, "अरे, मी बसले नाही तर निघतंच की ते! एकदा पाइप निसटून घरभर पाणी झालं. जागेवर ढकलायची ताकद आता माझ्यात नाही. म्हणून आधीच बसते. पण हे तिला सांगू नकोस हां. किती हौसेनं आणलंय तिनं. अगदीच कामातून गेलंय असं कळलं तर लागेल मनाला. त्यापेक्षा शेजारणीच्या गाण्याचं निमित्त बरं!"

आता सांगा! जी बाई मशीनच्या मुळावर उठलीय असं सून समजत होती, ती बाई मशीनची अब्रू राखायला जिवावर उदार होऊन वर बसलेली!

सांगू नकोस म्हणाली, म्हणून मी पोटात ठेवलं. म्हणजे बायको आली, चपला काढायला वाकली, तोपर्यंत ठेवलं. मग सांगून टाकलं. ती वाकलेली तशीच राहिली. आधी हसली, मग डोळ्यांना पदर... म्हणजे ओढणी लावली, आणि तरातरा आत.

"आई, उद्याच्या उद्या नवीन मशीन आणायचं!"

"कशाला? चांगलं धडधाकट आहे!"

"पडला असतात म्हणजे?"

"पडत नाही मी! बसायची एक पद्धत असते! दुरुस्त करा!"

"नवीन!"

"दुरुस्त!"

बघा म्हणजे! भांडण तेच, बाजू बदलल्या! मी म्हटलं, "बघू!" तशा दोघी गर्रकन माझ्याकडे वळल्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा एका सुरात ओरडल्या, "बघू काय बघू! म्हातारं माणूस मशीनवर बसायची वेळ आली तुमच्या बघूनं!" यात 'तुमच्या' म्हणणारी बायको, आणि 'म्हातारं माणूस' म्हणणारी खुद्द आई!

मग काय, तुम्हाला सांगतो, उचलला फोन आणि बोलावला मेकॅनिक! आयुष्यातला पहिला निर्णय, गाल सुजलेला असताना घेतला! तो आला, मशीन आडवं केलं, आत डोकं घातलं आणि म्हणाला, "हादरे झेलणारे दांडे गेलेत, पायाचं रबरही झिजलंय. बदलून देतो. नवीनच घ्यायचं असेल तर माझ्या मेहुण्याचं दुकान आहे." आई म्हणाली, "मेहुण्याला सांग, त्याला दुसरं गिऱ्हाईक मिळेल." बायको बॅटरी धरून उभी, आई तिच्या खांद्यावरून डोकावतेय, अशा थाटात दुरुस्ती झाली. कपडे घातले, बटण दाबलं... मशीन पिळायला लागलं... आणि जागेवर! एक बोट हललं नाही हो! दोघी एकमेकींचा हात धरून बघत होत्या. लोकांना बाळानं पाऊल टाकल्याचा आनंद होतो, आमच्या घरात न टाकल्याचा झाला!

संपलं ना इथे? कसलं संपतंय! चारसहा दिवसांनी आई कण्हायला लागली. "कंबर धरलीय रे. त्या हादऱ्यानं कशी मोकळी राहायची!" आणि बायको, हो, माझी बायको, मला म्हणते, "अहो, मेकॅनिकला विचारा ना, थोडंसं... अगदी थोडंसंच... हलेल असं करून देतो का?"

केला फोन. म्हटलं, "तुम्ही दुरुस्त केलेलं मशीन जरासं बिघडवून मिळेल का?" त्यानं आधी माझा पत्ता पुन्हा एकदा विचारून घेतला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "साहेब, घरात कुणी मोठं माणूस असेल तर त्यांच्याकडे फोन देता का?"

दिला. आईकडेच दिला. बसल्यात दोघी मिळून ठरवत, किती बिघडवायचं ते!